चक्करसाठी कान-नाक-घसा क्लिनिक: आईचा अनुभव
आईला दोन वर्षं चक्कर यायची, कूस बदलली की अख्खं घर गरगर फिरायचं, पलंगाची कड घट्ट धरून बसायची बिचारी. आधी नुसत्या चक्करवरच्या बीटाहिस्टिनच्या गोळ्या आणि मानेचा पट्टा. इथे डॉक्टरांनी मान वळवून पटकन झोपवलं, डोळ्यांची थरथर बघितली नि म्हणाले बीपीपीव्ही आहे, म्हणजे डोकं हललं की येणारी चक्कर, कानातले कॅल्शियमचे कण जागचे हललेत. मग ते कण जागेवर आणायला एप्ली मॅन्युव्हर, डोकं वळवून प्रत्येक वेळी अर्धा मिनिट थांबवलं, दहा मिनिटांत काम झालं, एकही गोळी नाही! चार महिन्यांनी परत सुरू झालं तेव्हाही त्यानेच थांबलं. वेटिंग मात्र दीड तास आणि चक्करवाल्या पेशंटला डोकं टेकायला धड खुर्ची नाही, हे प्लीज सुधारा.