साहसी कोर्स: डोंगरातला की पाण्यावरचा?

तरुणांसाठीचे दोन्ही कोर्स मी केले आहेत. मान खरं तर पाण्याचा, कारण साहसी शिक्षण देणाऱ्या आउटवर्ड बाउंड या संस्थेची पहिली शाळा १९४१ साली वेल्समधल्या अ‍ॅबरडव्हीला समुद्रकाठीच निघाली. तरीही माझा कौल डोंगराला.

कारण दोर. प्रस्तरारोहणात खाली उभं राहून बिले देणाऱ्याच्या, म्हणजे सुरक्षेचा दोर सांभाळणाऱ्याच्या हाती वरच्याचा जीव असतो. हार्नेसला, म्हणजे कमरेच्या सुरक्षापट्ट्याला आठाची गाठ मारायची, जोडीदाराने ती बोटांनी चाचपायची, कॅराबिनर (दोर अडकवायची धातूची कडी) नीट बंद झालाय ना ते दाबून बघायचं आणि मगच कातळाला हात लावायचा. माझी जोडीदार जेमतेम सोळा वर्षांची, अगदी अबोल. मी मध्यावर अडकले, पाय लटपटायला लागले, तेव्हा तिने दोर ताणून धरला आणि शांतपणे सांगितलं, "डाव्या गुडघ्यापाशी खाच आहे, तिथे पाय ठेव." इतका भरवसा मी त्याआधी कुणावर टाकला नव्हता.

पाण्यावर मजा जास्त, हे कबूल. राफ्टमध्ये सगळ्यांची वल्ही एका तालात पडली नाहीत तर राफ्ट भलतीकडेच वळते, त्यामुळे गट लगेच जमतो. लाजऱ्या मुलांना मी आधी राफ्टिंगच सुचवेन. पण प्रवाहात सगळं इतक्या झपाट्याने घडतं की विचाराला उसंतच नसते. कातळावर भीती सावकाश चढते आणि तिच्याशी झुंजायला वेळ मिळतो. म्हणूनच उंचीची धास्ती असलेल्यांनीही डोंगरच निवडावा, असं मला मनापासून वाटतं.