‘पिवळ्या खोलीचं रहस्य’: आठ महिने वाचत राहिल्यानंतर

गास्तों लरूंची ही कादंबरी मी जुलैत मूळ फ्रेंचमधून वाचायला घेतली. बारावीपर्यंत फ्रेंच होतं, पुढे बोलण्यापुरतं शिकले. आठ महिन्यांत पुस्तक दोनदा वाचून झालंय आणि तिसरं वाचन सुरू आहे. म्हणून आता खात्रीने लिहिते.

पहिल्यांदा मी शेवट गाठायच्या घाईत होते. खुनी कोण ते कळलं, पण हाती फारसं काही लागलं नाही. मग कळलं, की ही आधी ‘लिल्युस्त्रास्यों’ या साप्ताहिकात ७ सप्टेंबर ते ३० नोव्हेंबर १९०७ या काळात क्रमशः आली होती. साप्ताहिक निघायचं शनिवारी. प्रकाशक पियेर लाफितने पुस्तक काढलं ते १९०८ मध्ये. म्हणजे पहिल्या वाचकांनी ती तेरा शनिवार पुरवून वाचली. मीही तसंच केलं: २९ प्रकरणं, दर शनिवारी दोन किंवा तीन. मधले सहा दिवस पुस्तक बंद.

फरक विलक्षण पडला. आठवडाभर डोक्यात तीच खोली. दार आतून कुलूपबंद, वर कडी लावलेली. एकुलत्या एका खिडकीला गज. आत मातिल्द. दाराबाहेर प्रयोगशाळेत खुद्द तिचे वडील, प्राध्यापक स्टँजरसन, आणि म्हातारा नोकर जाक. मध्यरात्रीनंतर आतून मातिल्दची किंकाळी येते, गोळ्यांचे आवाज येतात. दार फोडतात तर ती रक्तात पडलेली, भिंतीवर रक्ताळलेल्या पंजाचा ठसा, आणि दुसरं कुणीच नाही. मंगळवारी भाजी चिरताना मी खिडकीचा विचार करत असायचे, गुरुवारी माळ्याचा.

इथे नकाशाशिवाय चालत नाही. ही खोली ज्या बंगलीत आहे तिचा नकाशा लरूंनी पुस्तकातच दिलाय: पिवळी खोली, प्रयोगशाळा, प्रवेशाची खोली, न्हाणीघर, माळ्याचा जिना, धुराडं. माझी प्रत जुन्या पुस्तकांच्या दुकानातली. तिच्यात हा नकाशा इतका बारीक छापलाय की प्रयोगशाळेची एक खिडकी शिवणीतच गेली. सर्वांत महत्त्वाच्या पानावर अशी हयगय झाल्याचं मला मनापासून वाईट वाटलं. शेवटी मी तो पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर मोठा करून काढला आणि तोच खूण म्हणून पुस्तकात ठेवला. पुढे स्टँजरसनांच्या वाड्याच्या वरच्या मजल्याचा दुसरा नकाशा येतो. तिथे माणसं तीन बाजूंनी धावत येऊन एकमेकांवर आदळतात आणि मधे सापडलेला हल्लेखोर नाहीसा होतो. तो प्रसंग मी बोट नकाशावर ठेवूनच वाचला.

भाषेबद्दल. वर्गात आपण बोलण्याचा भूतकाळ शिकतो, इथे सगळं कथनाच्या भूतकाळात. पहिली पन्नास पानं क्रियापदं ओळखण्यातच गेली, मग कान सरावला. लरू ‘ल मातँ’ या वर्तमानपत्राचे बातमीदार होते, न्यायालयातले खटले त्यांनी जवळून पाहिले होते, ते पानोपानी जाणवतं. मधेच वर्तमानपत्रातली बातमी येते, मधेच न्यायालयाच्या कारकुनाची टिपणं, मधेच नायकाची वही. प्रत्येकाचं फ्रेंच वेगळं. शिकणाऱ्याला याहून चांगला सराव सापडणं कठीण.

नायक रुलताबीय हा अठरा वर्षांचा पत्रकार. साप्ताहिकात आधी त्याचं नाव ब्वाताबीय होतं. ते टोपणनाव दुसऱ्या एका पत्रकाराचं निघाल्याने बदललं. मला बदललेलंच आवडतं, उच्चारताना चेंडू घरंगळल्यासारखं वाटतं. पाऊलखुणांवर विसंबून राहू नका, आधी बुद्धीने चौकट आखा आणि पुरावा तिच्यात बसतो का ते पाहा, हा त्याचा हट्ट. बंद खोलीचं उत्तर त्यातूनच निघतं. दुसऱ्या वाचनात हे इतकं स्वच्छ दिसलं की मी दोन प्रकरणं मागे जाऊन पुन्हा वाचली. रहस्यकथाकार जॉन डिक्सन कारच्या १९३५ च्या ‘द हॉलो मॅन’मधला गुप्तहेर डॉक्टर फेल लरूंच्या या कादंबरीला आजवरची सर्वोत्तम रहस्यकथा म्हणतो. बंद खोलीपुरतं मलाही ते पटतं.

सगळंच पटत नाही. शेवटी व्हर्सायच्या न्यायालयात चालणाऱ्या खटल्यातलं स्पष्टीकरण फार लांबतं, आणि रुलताबीयने परदेशात जाऊन मिळवलेली माहिती वाचकाला तोवर दिलेलीच नसते. हा अन्याय आहे. मातिल्द वैज्ञानिक आहे, वडिलांच्या बरोबरीने काम करते, पण तिला बोलू फार थोडं दिलंय. तिच्या गप्प राहण्यामागचं कारण कळल्यावर तर ते जास्तच खुपलं.

घेणार असाल तर दुकानात आधी नकाशाचं पान उघडून बघा, खिडक्या मोजता येतात का. पुढचा भाग, ‘काळ्या वेषातल्या बाईचा सुगंध’, त्याच साप्ताहिकात १९०८ मध्ये सुरू झाला. तो मी आणून ठेवलाय, पण तिसऱ्या वाचनाचे अजून चार शनिवार बाकी आहेत.