टोटल कॉन्टॅक्ट कास्टचा अनुभव: आप्पांच्या पायाची ७ महिन्यांची जखम भरली

आप्पांच्या उजव्या चवड्याखाली ७ महिने जखम होती, रुपयाएवढी. दुखायची नाही आणि तिथंच सगळा घोळ झाला, कारण १९ वर्षांच्या शुगरने तळव्याची जाणीवच गेलेली. आधीच्या डॉक्टरांकडे दिवसाआड ड्रेसिंग, दर महिन्याला नवीन मलम, दोनदा अँटिबायोटिक, सगळं झालं. जखम जरा भरायची की परत कडेने घट्टा आणि मधे खड्डा. हे दिवसभरात चालतात किती, असं एकदाही कुणी विचारलं नाही, मला याचा अजून राग येतो.

शेवटी पुण्यात एका डायबेटिक फूट क्लिनिकला नेलं. पहिल्या दिवशी दीड तास नुसती तपासणी. मोनोफिलामेंट म्हणून नायलॉनचा धागा असतो, तो तळव्याला टेकवून कळतंय का विचारतात. आप्पा डोळे मिटून बसलेले, १० पैकी ७ जागी गप्पच राहिले, मला रडूच आलं. मग दंडाचं आणि घोट्याचं बीपी घेऊन रक्तपुरवठा बघितला, एक्स-रे काढला, जखम हाडापर्यंत गेलीय का तेही बघितलं. सगळं ठीक निघालं म्हणून कास्ट, म्हणजे एक खास प्लास्टर, लावू म्हणाले. पायाला रक्त कमी पोचत असेल किंवा हाडात इन्फेक्शन असेल तर हट्ट करू नका, त्यांचा इलाज वेगळा असतो.

कास्ट लावायच्या आधी ब्लेडने घट्टा तासला, जखम साफ केली आणि अगदी साधं ड्रेसिंग केलं. वरून गुडघ्याखालपर्यंत पायाला घट्ट चिकटून बसणारं प्लास्टर. त्यामुळे वजन अख्ख्या तळव्यावर आणि पोटरीवर वाटलं जातं, जखमेवर येत नाही. ही पद्धत मूळची कुष्ठरोग्यांच्या पायासाठीची, वेल्लोरला काम केलेले डॉ. पॉल ब्रँड १९६० च्या दशकात ती अमेरिकेत घेऊन गेले आणि पुढे शुगरच्या पेशंटनाही लावायला लागले.

मी विचारलं की जखमेवरचा भार कमी करणारा, काढता येणारा बूट आहे ना आमच्याकडे, तो चालणार नाही का? तर त्यांनी २००३ चा एक अमेरिकन अभ्यास सांगितला, पेशंटच्या नकळत पावलं मोजली तर १०० पैकी जेमतेम २८ पावलं बूट घालून टाकलेली. आप्पांचंही तेच चाललेलं, बाहेर जाताना बूट आणि घरात अनवाणी, रात्री बाथरूमला, सकाळी पूजेला, बेल वाजली की दाराशी. हे प्लास्टर त्यांना काढताच येत नाही, सगळा गुण त्यातच आहे.

त्रास आहे, तोही सांगते. सूज उतरून सैल होतं म्हणून पहिलं ३ दिवसांत बदललं, नंतर दर आठवड्याला. आमचं गाव ६० किलोमीटर, म्हणजे दर वेळी अख्खा दिवस. एका कास्टला अडीच हजार आणि विम्यातून एक रुपया मिळाला नाही. तो पाय उंच होतो म्हणून दुसऱ्या चपलेला जाड सोल लावून घ्या, नाहीतर कंबर धरते आणि पडायची भीती. पाचव्या आठवड्यात कास्ट सैल झालेलं, आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो तोवर नडगीची कातडी सोलवटलेली. सैल वाटलं, वास आला, ताप आला, शुगर अचानक वाढली तर त्याच दिवशी जा, पेशंटला आत काही दुखत नसतं.

दर वेळी पारदर्शक कागदावर जखमेची बाह्यरेषा काढायचे. ४ आठवड्यांत निम्मी झाली, ९ आठवड्यांत बंद. आप्पांनी तो शेवटचा कोरा कागद मागून घेतला.

पण बऱ्या झालेल्यांपैकी साधारण ४० टक्के लोकांना वर्षभरात परत जखम होते म्हणे, म्हणून लगेच मापाची एमसीआर (मऊ रबराच्या तळाची) सँडल करून घेतली. देवघरात चप्पल घालायला आप्पा तयारच नव्हते. आईने एक जोड धुऊन फक्त घरासाठी ठेवलाय आणि आता तो देवघरातही चालतो.