फॅमिलीसर्च: पुणे कॅम्पातल्या नोंदीपासून इंग्लंडातल्या पॅरिशपर्यंत

कॅम्पात किंवा खडकीच्या छावणीत आलेला एखादा इंग्रज शिपाई तुमच्या घराण्याच्या मुळाशी असेल आणि त्याचं इंग्लंडातलं गाव शोधायचं असेल, तर सुरुवात फॅमिलीसर्चपासून करा. मॉर्मन चर्च चालवत असलेली ही साइट पूर्ण मोफत आहे, फक्त खातं उघडावं लागतं. आमचा शेरा: शोधायला उत्तम, पुराव्याला अपुरी. बऱ्याच नोंदींची इथे नुसती सूची मिळते, वहीचं पान दिसत नाही. कॅमेऱ्याच्या चिन्हावर किल्ली असेल, तर ते पान घरबसल्या सरळ उघडत नाही.

भारतातल्या बाप्तिस्म्यांच्या सूचीत पुणे, खडकी असं शोधून फारसं हाती लागत नाही. 'पूना', 'किर्की' ही जुनीच रूपं रोमन लिपीत टाका. आडनावाच्या स्पेलिंगची शंका असेल तिथे तारांकन टाका, एकाच अक्षराची असेल तर प्रश्नचिन्ह. सगळ्यात कामाची युक्ती म्हणजे मुलाचं नाव रिकामं ठेवून फक्त आई-वडिलांची नावं टाकणं. सगळी भावंडं एकदम समोर येतात आणि चार जॉन स्मिथांतला आपला कोणता, ते कळतं.

छावणीतले पाद्री बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदींची नक्कल मुंबईला पाठवत, तिथून ती लंडनला जाई. या नकला ब्रिटिश लायब्ररीत एन/3 या मालिकेत आहेत आणि त्यांची पानं फाइंडमायपास्टवर पैसे भरून पाहता येतात. पान पाहाच, कारण बापाची पलटण आणि हुद्दा तिथे असतो, आणि सूचीत तो बहुधा गळतो. पलटण कळली की त्याच साइटवर डब्ल्यूओ 97 ही मालिका उघडा. पेन्शनीत निघालेल्या शिपायांचे हे कागद. जन्म कोणत्या पॅरिशात (म्हणजे कोणत्या चर्चच्या हद्दीत), कोणत्या गावाजवळ, कोणत्या काउंटीत (जिल्ह्यात), हे त्यात लिहिलेलं असतं. पुण्याहून इंग्लंडातल्या गावापर्यंतचा पूल तो हाच. नोकरीत असतानाच वारलेल्यांचे कागद मात्र या मालिकेत सहसा नसतात.

फाइंडमायपास्टची वर्गणी पौंडात जाते, त्यामुळे कार्डावर परदेशी व्यवहार आधी सुरू करून घ्या. सगळे प्रश्न गोळा झाल्यावर एकाच महिन्याची वर्गणी घ्या आणि आपोआप नूतनीकरण त्याच दिवशी बंद करा.

गाव कळल्यावर फ्रीरेग पाहा. स्वयंसेवकांनी उतरवलेल्या पॅरिशच्या नोंदी तिथे मोफत आहेत. पण 'नाव नाही' म्हणण्याआधी त्या पॅरिशची ती वर्षं उतरवून झाली आहेत का, हे तपासा. बरेचसे चुकीचे निष्कर्ष इथेच निघतात.

पॅरिशच्या वह्या 1538 पासूनच्या. 1813 पासून छापील नमुना आला: बाप्तिस्म्याच्या एका पानावर आठ नोंदी, त्यात आई-वडिलांची नावं, राहण्याचं ठिकाण, बापाचा धंदा. आपल्या कुलवृत्तांतात बाईचं माहेर आवर्जून लिहितात, इथे त्याला रकानाच नाही. ते 1837 नंतरच्या जन्मांसाठी जीआरओच्या, म्हणजे तिथल्या सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयाच्या, मोफत सूचीत सापडतं. बाप्तिस्म्याची तारीख जन्मतारीख म्हणून धरू नका, तीन भावंडांचा बाप्तिस्मा एकाच दिवशीही झालेला असतो. जुन्या हस्ताक्षरात 'एस' हे 'एफ'सारखं दिसतं. जे-एन-ओ म्हणजे जॉन, जे-ए-एस म्हणजे जेम्स. आणखी एक मोठा खड्डा आहे. 1752 पूर्वी तिथलं वर्ष 25 मार्चला सुरू होई. लग्न एप्रिल 1740 आणि बाप्तिस्मा फेब्रुवारी 1740 दिसला, तर मूल लग्नाआधीचं समजू नका. तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने 1741 चा.

शाळांच्या नोंदी हा भाग आम्हाला सगळ्यात जिवंत वाटतो, आणि लोक तोच सोडून देतात. फाइंडमायपास्टवर इंग्लंड-वेल्सच्या शाळांची 1870 ते 1914 ची प्रवेश रजिस्टरं आहेत. आपल्या शाळेतलं जनरल रजिस्टर डोळ्यांसमोर आणा: नाव, जन्मतारीख, पालक, पत्ता, आधीची शाळा, शाळा सोडल्याची तारीख. पालकाच्या रकान्यात कधी आजोबा किंवा मामा असतो, म्हणून लगेच त्याला बाप ठरवू नका. आधीच्या शाळेवरून कुटुंब कुठून आलं ते कळतं. सतत बदलीवर असलेल्या लष्करी घरांसाठी हा रकाना फार मोलाचा.

हेडमास्तरांची लॉगबुकं वेगळी. गोवराने शाळा बंद, कापणीमुळे मुलं गैरहजर, असं त्यांत सापडतं, पण नावाने शोधून सगळं हाती येत नाही. शाळा आणि वर्ष ठरवून पानं एकामागून एक वाचावी लागतात. शंभर वर्षांच्या आतली रजिस्टरं बहुधा बंद असतात. तिथल्या काउंटी अभिलेखागाराला ईमेल करताना शाळेचं नाव, मुलाचं पूर्ण नाव आणि दोन-तीन वर्षांचाच टप्पा लिहा.