दोन पेग की लिंबू-सोडा?

पन्नाशीच्या आसपासच्या मित्रांत वार्षिक तपासणीचा रिपोर्ट हातात आला की हा विषय निघतोच: दारू पूर्ण बंद करावी, की शनिवारी बसलं तर चालेल? रोज घेणाऱ्यांनी डॉक्टरांकडेच जावं. कधीच न घेणाऱ्यांनी तब्येतीसाठी म्हणून सुरू करायचं काही कारण मला दिसत नाही. प्रश्न उरतो तो आपल्यासारख्या अधूनमधून घेणाऱ्यांचा. मी दोन्ही बाजूंना राहिलोय, म्हणून बोलतो.

आधी 'थोडी' म्हणजे किती ते बघू. ३० मिलीच्या स्मॉलमध्ये सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल असतं. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली म्हणजे असे चार स्मॉल. 'मी फक्त बिअर घेतो' म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करावा. आणि घरी ओतलेला स्मॉल ३० मिलीचा क्वचितच असतो.

थोडी घेण्याच्या बाजूने बोलायचं तर गप्पा रंगतात, हे खरंच. हृदयाला चांगली, हा दावाही अगदी हवेतला नव्हता. फ्रेंच लोक लोणी-चीज खाऊनही हृदयविकाराने कमी मरतात आणि त्याचं श्रेय रेड वाइनला, ही चर्चा १९९१ मध्ये अमेरिकन टीव्हीवरून जगभर गेली. थोडी घेणारे न घेणाऱ्यांपेक्षा जास्त जगतात, असं पुढे कितीतरी अभ्यासांत दिसलं. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीजचा डिसेंबर २०२४ चा अहवालही साधारण तेच म्हणतो. मात्र स्तनांच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हेही त्यातच आहे.

गोम अशी की 'न घेणाऱ्यां'त आजारपणामुळे सोडलेलेही मोजले जायचे, आणि बेताने घेणारे बहुधा खाऊनपिऊन सुखी, वेळेवर तपासण्या करणारे. चीनमध्ये पाच लाखांवर लोकांचा मोठा अभ्यास झाला. त्यात दारू किती सोसते हे ठरवणाऱ्या जनुकांच्या आधाराने पाहिल्यावर स्ट्रोकपासूनचं संरक्षण दिसेनासं झालं. जितकी जास्त, तितका धोका जास्त, एवढंच उरलं. ते निष्कर्ष २०१९ मध्ये आले. कर्करोगाचं तर १९८८ पासून ठरलेलं आहे, अल्कोहोल पहिल्या गटातला, म्हणजे खात्रीचा, कर्करोगकारक. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कुठलंच प्रमाण सुरक्षित नाही म्हटलं. आठवड्याला दोन पेगांचा धोका मोठा नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.

पण माझा निर्णय या अहवालांनी झाला नाही. तो झाला पहाटे तीन वाजता.

दोन लार्ज (६० मिलीचे) घेऊन अकराला आडवं झालं की झोप झकास लागायची. मग तीनच्या सुमारास डोळे टक्क उघडे. घशाला कोरड, बाथरूमची फेरी, छातीत धडधड, आणि कधीकाळच्या मीटिंगमधलं एखादं वाक्य डोक्यात घोळत राहायचं. खाली डेअरीचं शटर वर जाईपर्यंत पंखा बघत पडायचं. कारण साधं आहे. यकृत तासाला जेमतेम ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निपटवतं, दोन लार्जमध्ये ४० ग्रॅम. म्हणजे चार-सहा तासांनी अंमल उतरतो आणि दाबून ठेवलेला मेंदू उसळी मारून उठतो. त्यात लघवी रोखणारं संप्रेरकही दारूने मंदावलेलं. एका स्मॉलवर थांबलो तर त्रास कमी, पण मग बसायची मजाही तेवढीच. तिशीत हे चालून जायचं. आता रविवार अख्खा जांभया देण्यात जायचा.

बंद केल्यावर वजन फार उतरलं नाही, रक्तदाब किंचित खाली आला. त्याचं श्रेय कशाला द्यावं, सांगता येत नाही. झोप मात्र सलग झाली. तुमची झोप बिघडत नसेल, घरात कर्करोगाचा किंवा यकृताचा इतिहास नसेल, तर महिन्यातून एखाद्या वेळी घेऊ नका असं सांगणारा मी कोण? इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर मात्र रिकाम्या पोटी अजिबात नको, साखर एकदम खाली जाते. झोपेच्या गोळीवर तर नकोच.

बैठक मी सोडलेली नाही. लिंबू-सोडा मागवतो, पहिल्या दहा मिनिटांची थट्टा ऐकून घेतो; दुसऱ्या राउंडनंतर माझ्या ग्लासात काय आहे ते कुणी बघत नाही. फक्त खारे शेंगदाणे आणि मसाला पापड आता मीच जास्त संपवतो, आणि रक्तदाबाला तेही काही बरं नाही.