डेस्कटॉपचं वायफाय कार्ड: खोक्यावर इंटेल आणि आत भलतंच

डेस्कटॉपला वायफाय कार्ड बसवायचा विचार चालू असेल तर पैसे द्यायच्या आधी हे पूर्ण वाचा, थोडं लांबलंय पण आमच्यासोबत जे झालं ते तुमच्यासोबत होऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण हा माल एकाच दुकानात आहे असं अजिबात नाही.

मी नाशिकला असते, घरून जीएसटी रिटर्न आणि टॅलीची कामं करते. राउटर हॉलमध्ये आणि माझं टेबल आतल्या खोलीत, घर भाड्याचं असल्यामुळे भिंतीला भोकं पाडून केबल ओढायला मालक परवानगी देत नाही. इतके दिवस मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चाललं पण ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला ३बी या रिटर्नची मुदत असते, त्यावेळी पोर्टल आधीच रडत असतं त्यात नेट गेलं की जीव नकोसा होतो. म्हणून नीट कार्डच बसवू म्हणलं. मुलगा अकरावीला आहे, त्याने सांगितलं आई इंटेलचं एएक्स२१० घे, वायफाय ६ई (वायफाय ६ ची पुढची आवृत्ती) आहे, आपल्या बोर्डात बसेल. आमच्या ओळखीतल्यांनी ज्या दुकानाचं नाव दिलं तिथे गेले.

दुकानदाराने खोकं काढलं. वर मोठ्या अक्षरात एएक्स२१०, ५४०० एमबीपीएस, ब्लूटूथ ५.३, आत काळ्या हीटसिंकचं (उष्णता घालवणाऱ्या पत्र्याचं) कार्ड, दोन अँटेना, एक छोटी सीडी. किंमत २८००, बसवायचे ५०० वेगळे. आणि मग ते नेहमीचं वाक्य, "ताई, बिल नको असेल तर अडीच हजारात देतो, पक्कं केलं तर जीएसटी लागेल." माझं कामच हे आहे त्यामुळे पक्कं बिल पाहिजे म्हणून सांगितलं, आणि त्याने नुसतं "वायफाय कार्ड" लिहिलं होतं ते खोडून कंपनी आणि मॉडेल नंबर लिहायला लावला. दोन मिनिटं कुरकुर केली पण लिहिलं. पुढे सगळं त्या एका ओळीवर आलं म्हणून आत्ताच सांगते, बिलावर मॉडेल लिहून घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

दुसऱ्या दिवशी त्यांचा पोरगा बसवायला आला. कॅबिनेट उघडून छोट्या स्लॉटमध्ये कार्ड लावलं, आतली एक केबल बोर्डाच्या यूएसबी पिनांना जोडली (ती ब्लूटूथसाठी असते, जोडली नाही तर वायफाय चालतं पण ब्लूटूथ दिसतच नाही), मागून अँटेना फिरवून बसवल्या. इथपर्यंत सगळं बरोबर. मग कॉम्प्युटर चालू करून तो बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये) शिरला. मी विचारलं हे कशाला, तर म्हणे "स्लॉट चालू करतोय मॅडम." लक्षात ठेवा, असं कार्ड बसवायला साधारणपणे बायोसला हात लावावा लागत नाही, स्लॉट आपोआप चालू असतो. नंतर स्वतःचा पेनड्राईव्ह लावून ड्रायव्हर (विंडोजला कार्ड चालवायला लागणारी फाईल) टाकला, दोनदा रीस्टार्ट केला, डिव्हाइस मॅनेजर उघडून दाखवलं, तिथे चक्क इंटेल वायफाय ६ई एएक्स२१० असं नाव. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खाली बारीक पांढऱ्या अक्षरात टेस्ट मोड, विंडोज ११ आणि पुढे बिल्ड नंबर असं काहीतरी यायला लागलं होतं, ते विचारलं तर म्हणाला अ‍ॅक्टिव्हेशनचं आहे, जाईल आपोआप. जाताना बजावून गेला की कंपनीच्या साईटवरून ड्रायव्हर अपडेट करू नका, कार्ड उडेल आणि वॉरंटी जाईल.

नेट सुरू झालं पण स्पीड काही मिळेना. आमचा प्लॅन २०० एमबीपीएसचा, त्याच टेबलावर मोबाईल ठेवला की १७०-१८० येतो आणि कॉम्प्युटरवर ३५-४० च्या वर जाईना. राउटरचं ५ गिगाहर्ट्झचं नाव मोबाईलला दिसतं, कॉम्प्युटरच्या यादीत नाहीच. दुकानात फोन केला तर "भिंती जाड असतील ताई, एक रिपीटर घ्या, १८०० चा आहे." म्हणजे आधी खोटा माल विकायचा आणि तो चालत नाही म्हणून त्यावर अजून एक वस्तू गळ्यात मारायची. अशा वेळी रिपीटर घेऊन मोकळे होणारे कितीतरी लोक असतील, त्यांना कधी कळणारच नाही की दोष भिंतीचा नव्हता.

खरं बाहेर आलं ते मुलाच्या गेममुळे. वॅलोरंट उघडेना, सिक्युअर बूट (मशीन चालू होताना फक्त सही असलेला प्रोग्रॅम चालू देणारी सुरक्षा) बंद आहे म्हणून एरर. तो म्हणाला आई हे आपण कधी बंद केलं? आपण केलंच नव्हतं. मग त्याने आणि मी बसून एकेक गोष्ट तपासली, आणि तीच इथे देतेय कारण हे कुणालाही घरी पाच मिनिटात करता येतं, कॅबिनेट उघडायचीही गरज नाही.

स्टार्टवर राईट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा, नेटवर्क अडॅप्टर्समध्ये वायफायच्या नावावर डबल क्लिक, मग डिटेल्सचा टॅब, आणि वरच्या यादीतून हार्डवेअर आयडीज निवडा. जे नाव दिसतं ते ड्रायव्हरच्या फाईलमधून येतं, ती फाईल कुणीही नोटपॅडमध्ये उघडून त्यात पाहिजे ते नाव टाकू शकतं. पण हा आयडी कार्डमधूनच वाचला जातो, ड्रायव्हरचं नाव बदलून तो बदलत नाही. त्यात व्हेन (VEN) म्हणजे बनवणारी कंपनी आणि डेव्ह (DEV) म्हणजे नेमकी चिप. इंटेलचा नंबर ८०८६, लक्षात ठेवायला सोपा, १९७८ च्या त्यांच्या प्रसिद्ध प्रोसेसरचाच नंबर. एएक्स२१० असेल तर ८०८६ आणि २७२५ दिसलं पाहिजे, एएक्स२०० असेल तर २७२३. आमच्याकडे दिसलं १०ईसी आणि बी७२३. १०ईसी म्हणजे रिअलटेक, आणि बी७२३ म्हणजे आरटीएल८७२३बीई, जुन्या स्वस्त लॅपटॉपमध्ये येणारी चिप. फक्त २.४ गिगाहर्ट्झ, वायफाय ४, एका अँटेनाची, जास्तीत जास्त १५० एमबीपीएस, तेही कागदावर. ५ गिगाहर्ट्झ यादीत दिसणार कुठून, त्या चिपला ते पकडताच येत नाही.

अजून खात्री करायची म्हणून कमांड प्रॉम्प्टमध्ये नेटएसएच डब्ल्यूलॅन शो ड्रायव्हर्स (netsh wlan show drivers) ही कमांड दिली. त्यात रेडिओ टाईप्स सपोर्टेड अशी ओळ येते, वायफाय ६ च्या कार्डाला तिथे ८०२.११एएक्स असायलाच पाहिजे. आमच्याकडे एन, जी आणि बी, एवढंच. ब्लूटूथचंही तेच, ब्लूटूथ रेडिओच्या अ‍ॅडव्हान्स्ड टॅबमध्ये एलएमपी म्हणून आकडा असतो, ५.३ ला तो १२ असतो, आमचा ६ होता म्हणजे ब्लूटूथ ४.०.

मग मात्र कार्ड बाहेर काढलं, आणि फोटो काढत काढत उघडलं, हे महत्त्वाचं. हीटसिंकचे स्क्रू सोडले तर आत नखाएवढं मोड्यूल, त्यावर इंटेलचं चकचकीत स्टिकर. कडेने जरा उचललं तर खाली दुसरं स्टिकर, पिवळट पडलेलं, अर्धवट खरवडलेलं, त्यावर रिअलटेकचं खेकड्याचं चिन्ह अजून ओळखू येत होतं. मागे दोन अँटेना, पण आत एकाचीच वायर मोड्यूलला टोचलेली, दुसरीचं टोक टेप लावून नुसतं हीटसिंकखाली दडवलेलं. वरच्या स्टिकरवर छापलेला कार्डाचा स्वतःचा नंबर म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस आणि आयपीकॉन्फिग ऑल (ipconfig /all) या कमांडमध्ये दिसलेला फिजिकल अ‍ॅड्रेस, दोन्ही वेगळे. भंगारात गेलेल्या लॅपटॉपमधलं कार्ड काढून त्यावर नवं कातडं चढवलेलं, आणि २८०० रुपये.

पण पैशापेक्षा मला ज्याचा संताप आला ते वेगळंच आहे. नाव बदललेली ड्रायव्हर फाईल विंडोज सरळ घेत नाही, कारण फाईलला हात लावला की तिची डिजिटल सही तुटते. ती जबरदस्तीने घुसवायची तर टेस्ट मोड (खरी सही नसलेले ड्रायव्हरही चालू देणारी विंडोजची सोय) चालू करावा लागतो, आणि सिक्युअर बूट चालू असताना टेस्ट मोड चालू होत नाही म्हणून सिक्युअर बूट बायोसमध्ये जाऊन बंद करावा लागतो. म्हणजे एका खोट्या नावासाठी त्या पोराने माझ्या मशीनची दोन कुलपं काढून ठेवली आणि विंडोजच्या अगदी गाभ्यात चालणारी, कुठून आली माहीत नसलेली फाईल पेनड्राईव्हवरून टाकली. या मशीनवर माझ्या क्लायंटचे पोर्टलचे लॉगिन, डिजिटल सिग्नेचरचे टोकन लागतात. लोक विश्वासाने कागदपत्रं देतात मला. त्या पेनड्राईव्हमध्ये काही वाईट होतं असं मी म्हणत नाही, पण नव्हतं हे तरी कोण छातीठोकपणे सांगणार? मी डेटाचा बॅकअप घेऊन विंडोज पूर्ण नवीन टाकलं, सगळे पासवर्ड बदलले, प्रत्येक क्लायंटला फोन करून कारण सांगितलं. तुमच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात टेस्ट मोड दिसत असेल आणि तुम्ही स्वतः चालू केलेला नसेल तर कुणी काहीही सांगो, ते अ‍ॅक्टिव्हेशनचं नसतं.

दुकानात गेले तेव्हा आधी "आम्हाला वरूनच असा माल येतो", मग "तुम्ही कार्ड उघडलं, वॉरंटी गेली", मग बिलाच्या खालची ओळ दाखवली, एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. ही ओळ बघून बरेच जण गप्प घरी जातात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल बिलावरच्या मुदतीत परत घ्यायला, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे, बिल न देणं सुद्धा त्यातच येतं. मग त्याने शेवटचं काढलं, "तुम्ही धंद्यासाठी वापरता, तुम्ही ग्राहक नाही." हेही खोटं, स्वतःच्या रोजगारासाठी, पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायदा व्यापारी वापर मानत नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाईनला फोन करून तक्रार नोंदवली होती, त्या तक्रारीचा नंबर दाखवला. ही हेल्पलाईन म्हणजे कोर्ट नाही, पण तक्रारीची नोंद राहते. आणि जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नसते, दोन वर्षांच्या आत जाता येतं, हेही शांतपणे सांगितलं. बिलावर एएक्स२१०, फोटोत हार्डवेअर आयडी १०ईसी, समोरासमोर ठेवल्यावर बोलायला काही राहिलं नाही. आवाज खाली आला आणि २८०० यूपीआयने परत केले. बसवणुकीचे ५०० अजून द्यायला तयार नाही, त्यासाठी तक्रार चालूच ठेवलीय. कार्ड परत देताना ते इंटेलचं स्टिकर मी त्याच्यासमोर पूर्ण काढून टाकलं, नाहीतर तेच खोकं उद्या दुसऱ्या कुणाच्या घरी गेलं असतं.

आता नवीन कार्ड घेतलं ते दुसरीकडून, आणि अट आधीच सांगितली की बसवून, आयडी बघून मग पैसे. त्या दुकानदाराला काहीच वाटलं नाही, उलट त्याने स्वतःच्या काउंटरवरच्या मशीनला लावून २७२५ दाखवलं. ड्रायव्हर इंटेलच्या साईटवरून मी स्वतः टाकला. त्यानेच अजून एक सांगितलं ते उपयोगी आहे, एएक्स२११ आणि एएक्स२०१ ही कार्डं स्वस्त दिसली म्हणून डेस्कटॉपच्या स्लॉटसाठी घेऊ नका, खरी असली तरी चालत नाहीत, त्यांचा अर्धा भाग इंटेलच्या प्रोसेसर-चिपसेटमध्ये असतो आणि ठरावीक बोर्डाच्याच सॉकेटमध्ये ती चालतात. अँटेना शक्यतो कॅबिनेटच्या पत्र्यामागे दाबू नका, वायरवाली मिळाली तर टेबलावर ठेवा, फरक पडतो.

ज्यांना टेस्ट मोड दिसतोय त्यांनी आधी तो पेनड्राईव्हवाला ड्रायव्हर अनइन्स्टॉल करा, डिलीट ड्रायव्हरच्या चौकटीत टिक करून, मग अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून बीसीडीएडिट, स्पेस, स्लॅश सेट टेस्टसायनिंग ऑफ (bcdedit /set testsigning off) ही कमांड द्या, रीस्टार्ट करून बायोसमध्ये सिक्युअर बूट परत चालू करा. त्यानंतर कार्ड जर नाव बदलून रिअलटेक किंवा दुसरंच काही दाखवायला लागलं, तर बिल आणि स्क्रीनचा फोटो घेऊन त्याच दिवशी दुकान गाठा.