घोडी नुकतीच गाभण राहिलीये: आराम द्यावा, हलकं काम घ्यावं की उड्या चालू ठेवाव्यात?

घोडी लावून आणलीये, पंधराव्या दिवशीच्या स्कॅनमध्ये तो छोटा काळा गोल, म्हणजे गर्भ, दिसलाय, आणि आता उद्या पहाटे खोगीर घालायचं की नाही हे ठरत नाहीये. तबेल्यात विचारलं तर एकजण म्हणतो हात पण लावू नका, दुसरा म्हणतो काही होत नाही बिनधास्त जंप करा. दोघांचंही मुंबईत पूर्ण लागू पडत नाही असं मला मनापासून वाटतं, कारण इथे खरा प्रश्न उडीचा कमी आणि उकाड्याचा जास्त आहे.

आधी आत काय चाललेलं असतं ते बघू. गर्भ सहाव्या दिवसाच्या आसपास गर्भाशयात उतरतो आणि मग सोळाव्या-सतराव्या दिवसापर्यंत एका जागी बसतच नाही, आतल्या आत फिरत राहतो, आणि या फिरण्यावरूनच घोडीच्या शरीराला कळतं की गाभ राहिलाय. म्हणून चौदा ते सोळा दिवसांतलं स्कॅन चुकवायचं नसतं, जुळं असेल तर व्हेटला एक गर्भ काढून टाकायला हीच वेळ सगळ्यात सोपी, जुळं ठेवलं तर बहुतेक वेळा दोन्ही जातात. पंचविसाव्या दिवसानंतर गर्भाच्या हृदयाचा ठोका दिसतो, स्क्रीनवर अगदी बारीक लुकलुकतं. घोडी गाभडायची भीती सगळ्यात जास्त या पहिल्या चाळीस दिवसांत, आणि घोडी वयस्कर असेल तर अजून जास्त. पस्तीस दिवसांच्या आत गाभ गेला तर परत लावता येते, पण त्यानंतर गेला तर गर्भाशयात तयार झालेल्या पेशी हार्मोन सोडतच राहतात, घोडी नीट माजावर येत नाही आणि तो सीझन हातचा जातो.

आता पूर्ण आराम. स्टड फार्मवर, म्हणजे घोड्यांची पैदास करतात तिथे, आराम म्हणजे घोडी दिवसभर पॅडॉकमध्ये (कुंपण घातलेल्या कुरणात) चरत फिरते. मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्स किंवा आसपासच्या कुठल्याही तबेल्यात आराम म्हणजे बारा बाय बारा फुटांच्या खोलीत उभं राहणं, फार तर मोतद्दाराने हातात धरून थोडं फिरवणं. रोज काम करणारी घोडी अशी अचानक बंद केली की पाय सुजतात, पोटदुखीचा धोका वाढतो, भिंतीला लाथा मारायला लागते. त्यामुळे "सेफ साइड" म्हणून आराम निवडताय तर तो खरंच सेफ आहे का ते बघा. पुण्याकडे पॅडॉकची सोय होत असेल तर गोष्ट वेगळी, पण घाटातून गाडीने न्यायचं असेल तर या नाजूक दिवसांत नको, व्हेटला विचारून पुढे ढकला. ज्या घोडीचा आधी गाभ गेलाय किंवा जिला व्हेटने औषधावर ठेवलंय तिला मात्र आरामच, तिथे दुसरा विचार नको.

हलकं काम, म्हणजे वॉक (चाल), ट्रॉट (दुडकी), थोडा कँटर (हलकी दौड). कामाची सवय असलेल्या निरोगी घोडीला यात अडचण नसते, उलट पचन आणि पाय दोन्ही चांगले राहतात. पण अंग किती तापतंय ते बघा. घोडीचं नॉर्मल तापमान साधारण 37.5 ते 38.5 सेल्सिअस, आणि दमट हवेत घाम सुकतच नाही, त्यामुळे वीस मिनिटांच्या ट्रॉटनंतरसुद्धा पारा चढून बराच वेळ खाली येत नाही. यावर अभ्यास झालेत, गरम दमट हवेत रोज अर्धा तास कामाला लावलेल्या घोडींकडून गर्भ कमी मिळाले. आणि आपल्याकडे स्टड फार्मचा सीझन साधारण फेब्रुवारी ते मे, म्हणजे नाजूक चाळीस दिवस बरेचदा नेमके एप्रिल-मेच्या घामट हवेत येतात. म्हणून काम सूर्य वर यायच्या आत, गुदद्वारात ठेवलेला थर्मामीटर दोरीने शेपटीला क्लिप करून कामानंतर लगेच आणि परत अर्ध्या तासाने रीडिंग घ्या, अंगावर गार पाणी ओतत राहा, आणि दुसऱ्या वेळी 38.5च्या वर असेल तर उद्याचं काम अर्धं.

उड्या. उडीच्या धक्क्याने गर्भ सुटून पडतो ही भीती बरीचशी चुकीची आहे, तो पोटात खोल आणि पाण्यात सुरक्षित असतो. बऱ्याच घोडी सुरुवातीच्या महिन्यांत स्पर्धा करतात, एफईआयचा (आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघाचा) नियमही चौथ्या महिन्यानंतरच मनाई करतो. धोका आहे तो पडण्याचा, दुखापतीचा, दुखणं दाबायला दिलेल्या औषधांचा, आणि उड्यांच्या सेशनमध्ये अंग जास्त तापतं त्याचा. माझं मत स्पष्ट आहे: ठोका दिसेपर्यंत आणि गाभाचे पंचेचाळीस दिवस पूर्ण होईपर्यंत उडी नाही, आणि नंतरही फक्त तिला आधीपासून येणाऱ्या उंचीच्या, नवीन काही शिकवायचं नाही. मार्चअखेर राहिलेल्या घोडीचे पंचेचाळीस दिवस संपतात तेव्हा मे उजाडलेला असतो, पुढे पाऊस, मैदान निसरडं, म्हणजे तिचा हा सीझन उड्यांसाठी गेलाच असं धरून चाला.

घोडी स्पर्धेतच हवी असेल तर एम्ब्रियो ट्रान्सफर आहे, सातव्या-आठव्या दिवशी गर्भ काढून दुसऱ्या घोडीत ठेवतात. आपल्याकडे 2023 मध्ये बिकानेरच्या सरकारी केंद्रात मारवाडी शिंगरू असं जन्मलं. पण थरोब्रेडच्या (रेसच्या घोड्यांच्या जातीच्या) स्टड बुकात, म्हणजे जातीच्या नोंदवहीत, असं शिंगरू घेत नाहीत, गर्भ वाढवायला दुसरी घोडी आणि अनुभवी व्हेट लागतात, आणि वर सांगितलेला उकाड्याचा अभ्यास अशाच, गर्भ काढून घ्यायच्या घोडींवरचा होता, त्यामुळे गर्भ काढेपर्यंत तिला तापवायची मोकळीक इथेही नाही.

तर पॅडॉक असेल तर आराम, नसेल तर पहाटेचं हलकं काम, मुंबईत मी हलकं कामच निवडेन. पुढचं स्कॅन पंचविसाव्या दिवसानंतरचं आत्ताच बुक करून ठेवा, सीझनमध्ये व्हेट मिळत नाहीत.